निकष, कस आणि ठसा : कठीण इंग्रजी शब्दांच्या मराठी अर्थांचा इतिहास

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या वहीचे पान मध्यावर उभे दुमडण्याची रीत अनेक पिढ्यांनी पाळली. घडीच्या डाव्या अंगाला इंग्रजी शब्द, उजव्या अंगाला त्याचा मराठी अर्थ; परीक्षेच्या आदल्या रात्री एक बाजू झाकायची आणि दुसरी घोकायची. पुढे महाविद्यालयात, त्याहीपुढे स्पर्धापरीक्षांच्या तयारीत शब्द अवघड होत गेले, पान मात्र तसेच दुमडलेले राहिले. ‘क्रायटेरिअन’ म्हणजे निकष, ‘स्टर्लिंग’ म्हणजे उत्कृष्ट, ‘हॉलमार्क’ म्हणजे वैशिष्ट्य, ‘कॅरॅक्टर’ म्हणजे चारित्र्य. या छोट्या यादीत एक विलक्षण उलटापालट दडलेली आहे. शेवटचे तिन्ही इंग्रजी शब्द चांदीशी, नाण्याशी किंवा ठशाशी जोडलेले आहेत. पण त्यांच्या मराठी अर्थांत धातूचा मागमूस नाही. उलट पहिल्या इंग्रजी शब्दात धातू मुळीच नाही. त्याचा मराठी अर्थ मात्र थेट सोनाराच्या पेढीवरचा आहे. वहीच्या पानावर या दोन भाषांची गाठ रोज पडते. ओळख मात्र होत नाही.

ही ओळख जिथे सर्वांत सहज व्हावी असे एक गाव म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी. चांदीचे पैंजण, तोडे, वाळे, जोडवी घडवणारे हे गाव ‘चांदीनगरी’ म्हणूनच ओळखले जाते. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, घुंगरू बसवणे, झळाळी देणे ही कामे येथे वाटली गेलेली आहेत; त्यांतली कित्येक घराच्या सोप्यातच होतात आणि कड्या जोडण्यासारख्या कामाला बायकांचे हात लागतात. घडलेला माल देशभर जातो. अशा गावातल्या मुलाला मूस, ठसा, टंच, हीण, घडणावळ हे शब्द शाळेने शिकवावे लागत नाहीत. ‘क्रूसिबल’ म्हणजे मूस असे शिक्षकांनी फळ्यावर लिहिले, तर तो शब्द त्याच क्षणी त्याचा होतो. परंतु ‘क्रायटेरिअन’ म्हणजे निकष असे लिहिले, की एका अनोळखी शब्दापुढे दुसरा अनोळखी शब्द येऊन उभा राहतो, आणि मुलगा दोन्ही पाठ करतो. प्रश्न वरकरणी अध्यापनाचा दिसतो. त्याची मुळे मात्र मराठी कोशरचनेच्या आणि त्या मार्गाने मराठी समीक्षेच्या परिभाषेच्या इतिहासात आहेत.

‘निकष’ हा शब्द संस्कृतात सोने घासून पाहण्याच्या काळ्या दगडाचे नाव आहे. घासणे या अर्थाच्या ‘कष्’ धातूपासून तो आला. त्याच धातूच्या घराण्यातून ‘कषपट्टिका’ आणि तिच्यातून मराठीची ‘कसोटी’. दगडावर उमटलेली रेघ आणि तिच्यावरून ठरलेली प्रत म्हणजे ‘कस’. तो कमी पडला तर ‘हिणकस’, पुरेपूर उतरला तर ‘बावनकशी’. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांवर लिहिलेले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रसिद्ध झालेले काव्य ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ या नावाने ओळखले जाते. शेतकरी जमिनीचा कस पाहतो, पैलवानाचा कस आखाड्यात लागतो. मराठेशाहीत पोतदार हा नाण्यांची पारख करणारा अधिकारी होता, आणि ‘पारखी’ हा शब्द आजही रसिकाला लावला जातो. काव्यालाही हे रूपक जुनेच आहे. ‘रघुवंशा’च्या आरंभी कालिदासाने आपले काव्य जाणत्यांपुढे ठेवताना अग्नीत पारखल्या जाणाऱ्या सोन्याचाच दाखला दिला आहे. म्हणजे कस हा शब्द हुपरीच्या भट्टीजवळ आणि समीक्षेच्या व्यासपीठावर एकाच वेळी जिवंत आहे. त्याचा थोरला भाऊ निकष तेवढा पोशाख बदलून वर गेला आणि घरी परतला नाही.

इंग्रजीतले चित्र पाहिले तर मौज वाटते. ‘क्रायटेरिअन’ ग्रीक आहे. निवडणे, वेगळे करणे, निवाडा देणे या क्रियेतून तो निघाला आणि ‘क्रिटिक’ हा त्याचा सख्खा भाऊ. दगडाचे रूपक इंग्रजीत ‘टचस्टोन’ या साध्या जोडशब्दाने सांभाळले आणि मॅथ्यू आर्नल्डने १८८० मध्ये काव्याभ्यासाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याला समीक्षेची पद्धत म्हणून प्रतिष्ठा दिली. थोर कवींच्या निवडक ओळी मनात बाळगाव्यात आणि नव्या कवितेची रेघ त्यांच्याशेजारी ओढून पाहावी, असा त्याचा आशय होता. आर्नल्डची ही कल्पना मराठीत समजावून देण्यासाठी कसोटी हा शब्द पुरेसा होता. तरी पुढच्या समीक्षेत निकषच अधिक रुळला. असे का झाले?

शब्दांपुढे शब्द मांडण्याची रीत मराठीला इंग्रजांनी दिली असे मानण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींच्या काळातील ‘राज्यव्यवहारकोश’ हाच मुळी असा प्रयत्न होता. दरबारी व्यवहारातील फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. परका शब्द काढायचा तर त्याच्या जागी बोलीतला नव्हे, संस्कृत शब्द बसवायचा, ही दिशा तिथेच ठरलेली दिसते. इंग्रजांनाही ही अडचण घरची होती. सोळाव्या शतकात लॅटिन शब्दांच्या भरतीने इंग्रजी इतकी जड झाली, की अशा शब्दांना ‘दौतीतले शब्द’ म्हणून हिणवले जाई, आणि १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीने काढलेला पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश हा केवळ कठीण शब्दांचाच होता. ज्यांना लॅटिन येत नाही अशा वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, तो आहे असे त्याने मुखपृष्ठावरच सांगितले होते. कठीण इंग्रजी शब्द हा पहिल्यापासून इंग्रजांनाही परका शब्द होता, ही गोष्ट मराठी वर्गात सांगितली गेली असती तर अनेकांचा न्यूनगंड निम्म्याने कमी झाला असता.

मराठीच्या आधुनिक कोशांचा आरंभ मात्र उलट्या गरजेतून झाला. शिकणारा इंग्रज होता, शिकायची भाषा मराठी. विल्यम कॅरीचा कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला छापला गेला, व्हान्स केनेडीचा १८२४ मध्ये मुंबईला, आणि १८३१ मध्ये जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. या कामात त्याच्याबरोबर कँडी बंधू होते, मदतीला शास्त्रीमंडळ होते. मोल्सवर्थची थोरवी अशी, की त्याला बोलणारा माणूस समजून घ्यायचा होता. त्यामुळे शेत, गोठा, हाट, पेढी, माजघर जिथे शब्द मिळेल तिथून तो घेतला गेला. म्हणी आल्या, शिव्या आल्या, कारागिरांचे शब्द आले. मराठी-इंग्रजी कोशाचा कर्ता ऐकण्यास बांधलेला असतो.

इंग्रजी-मराठी कोशाचा कर्ता तसा बांधलेला नसतो. त्याच्यापुढे इंग्रजी शब्द उभा असतो आणि त्याला उत्तर द्यायचे असते. सापडले नाही तर घडवायचे असते. मोल्सवर्थने सुरू केलेले हे दुसरे काम थॉमस कँडीने पूर्ण केले आणि १८४७ मध्ये तो कोश निघाला. त्याचा ग्राहक आता मराठी विद्यार्थी होऊ लागला होता. येथेच दिशा बदलली. मोल्सवर्थच्या पहिल्या कोशात जे कारागिरांचे शब्द आले होते, ते दुसऱ्या दिशेने परत फिरताना सगळेच फिरले नाहीत. ‘कस’ पाहून इंग्रजी अर्थ सापडेल. पण इंग्रजी अमूर्त शब्दावरून ‘कस’पर्यंत पोहोचण्यासाठी कोशकाराला सोनाराची आठवण व्हावी लागते.

ती आठवण न होण्यामागे विद्यापीठाची रचनाही आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि काही वर्षांतच उच्च परीक्षांतून देशी भाषा बाहेर पडल्या. इंग्रजीच्या जोडीला संस्कृतासारखी अभिजात भाषा घ्यायची, असा क्रम पडला. मराठीला तिथे पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. या चार दशकांत जो पदवीधर तयार झाला त्याच्या मनात इंग्रजी आणि संस्कृत शेजारी बसल्या होत्या. मराठी घरी होती. इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द हवा झाला, की हात शेजारच्या भाषेकडे जाई. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी पैसा वरच्या शिक्षणाकडे वाहतो आणि रयतेची मुले कोरडी राहतात, ही तक्रार मांडली होती. शब्दांच्या बाबतीतही वाटप तसेच झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शालेय पातळीवर हीच पद्धत पाठ्यपुस्तकांनी बसवली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ हे तिचे सर्वांत टिकाऊ रूप. कित्येक पिढ्यांनी तिच्यावर इंग्रजी गिरवले. तिचा हेटाळणीने उल्लेख करण्याची रूढी पडली आहे, पण ती न्याय्य नाही. तर्खडकरांच्या धड्यात शब्द वाक्यात बसवावा लागे, उलटसुलट भाषांतर करावे लागे. नुसता शब्दार्थ पाठ करून तो धडा सुटत नसे. पाठमालेतून वाक्ये गळली आणि यादी तेवढी उरली, हा नंतरच्या गाइडांचा पराक्रम.

नीळकंठ बाबाजी रानडे यांचा ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी’ इंग्रजी-मराठी कोश १९०३ ते १९१६ या काळात पुरा झाला. एका माणसाच्या चिकाटीचे असे उदाहरण विरळाच. १९३१ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराचा बहुभाषी कोश काढला. सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिनांक, महापौर, हुतात्मा असे शब्द दिले आणि ते रुळलेही. याच दशकात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, शिकवत होते. फार्सी-मराठी कोश (१९२५) रचणारा आणि कवितेत फार्सी शब्दांचा मुक्त वापर करणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीकडे वळला. १९३८ चा ‘भाषाशुद्धिविवेक’ हे त्या वळणाचे फळ. कोल्हापूर त्या काळी शिक्षणाने गजबजलेले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून उभी केलेली वसतिगृहे, १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम यांमुळे शेतकऱ्याची, कारागिराची मुले इंग्रजी शाळेच्या दाराशी आली होती. मात्र महाविद्यालयात शुद्ध शब्दाचा शोध चालला असताना शोधणाऱ्याची नजर ग्रंथाकडे होती. शुद्धतेची रोज परीक्षा करणारी माणसे त्याच मुलखात चांदी आटवत होती. माधवरावांना दोष देण्याचा हेतू नाही. शुद्धीची त्यांची व्याख्या वंशाची होती, टंचाची नव्हती, एवढाच फरक. टंच विचारणारा माणूस धातू कोठून आला हे विचारत नाही, त्यात चांदी किती हे विचारतो. तसे पाहिले तर मूस हा जितका मराठी शब्द, तितकाच आजचा ‘डाय’ हाही कारागिराच्या तोंडचा मराठी शब्द आहे.

स्वातंत्र्यानंतर भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ काढला, पुढे शास्त्रवार परिभाषाकोश निघाले. कामाची निकड मोठी होती आणि वेळ थोडा. त्यामुळे जुनीच वाट अधिक रुंद झाली.

या वाटेचा परिणाम समीक्षेवर काय झाला हे दोन शब्दांवरून दिसते. पहिला ‘एसे’. धातूची परीक्षा या अर्थाचा ‘असे’ आणि लेखनप्रकार या अर्थाचा ‘एसे’ हे एकाच मुळातून फुटलेले जुळे शब्द आहेत. त्यांच्या मागे वजन करून पाहणे या अर्थाचा लॅटिन शब्द उभा आहे. माँतेन्यने १५८० मध्ये आपल्या लेखनाला हे नाव दिले तेव्हा त्यात ‘तोलून पाहणे, करून पाहणे’ हा संकोची भाव होता. मराठीने त्यासाठी ‘निबंध’ स्वीकारला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ पासून त्याला तेज दिले. पण निबंध म्हणजे घट्ट बांधलेले. धर्मशास्त्रात निर्णय एकत्र बांधणाऱ्या ग्रंथांना ते नाव आहे. मराठी निबंध दीर्घकाळ निकाल देत राहिला आणि हलक्या हाताने तोलून पाहणाऱ्या लेखनासाठी नंतर ‘लघुनिबंध’, ‘ललितनिबंध’ अशी निराळी नावे शोधावी लागली, याचे सारे खापर एका प्रतिशब्दावर फोडता येणार नाही. परंतु नावाचा भार लेखनावर पडतो हे खरे.

दुसरा शब्द ‘कॅरॅक्टर’. ग्रीकांत तो कोरण्याचे हत्यार आणि त्याने उमटलेली खूण, नाण्यावरचा ठसा. मराठीने त्याचे तुकडे केले. नाटकात पात्र, कादंबरीत व्यक्तिरेखा, नीतीत चारित्र्य, छापखान्यात अक्षर. पात्र म्हणजे भांडे, व्यक्तिरेखा म्हणजे रेघांनी काढलेले माणूस. दोन्ही आपापल्या जागी सुंदर शब्द आहेत. पण एखाद्या माणसाने मनावर ठसा उमटवला असे म्हणताना मराठी माणूस नकळत ग्रीक अर्थाच्या अगदी जवळ उभा असतो, आणि शब्दार्थाच्या वहीत ‘कॅरॅक्टर’समोर ‘ठसा’ कधीच लिहिला जात नाही. हुपरीच्या कारागिराच्या हातात तो असतो.

मर्ढेकरांचे उदाहरण या संदर्भात वेगळे ठरते. त्यांची ‘भावनानिष्ठ समतानता’ जड आहे हे खरे. पण ती वहीतली नाही. इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे स्वतः विचार करणाऱ्याने ती घडवली, आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांच्या मांडणीत तिला काम दिले. शब्द कठीण असणे हा दोष नव्हे. त्याला काम नसणे हा दोष होय.

कठीणपणाची व्याख्याही या दरम्यान बदलली. १९२० च्या दशकात बंगालमध्ये, ढाक्याला शिकवणाऱ्या मायकेल वेस्टने मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून शब्दांच्या मर्यादित निवडीचा आग्रह धरला. १९५३ ची त्याची सुमारे दोन हजार शब्दांची यादी जगभर वापरली गेली. कॉड्रीला जो शब्द परका तो कठीण होता. वेस्टनंतर जो क्वचित येतो तो कठीण ठरला. हॉर्नबीने जपानमध्ये १९४२ मध्ये तयार केलेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने छापलेला प्रगत अभ्यासकांचा कोश इंग्रजीचा अर्थ सोप्या इंग्रजीतच सांगू लागला. नॉर्मन लुइसचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ चे. भारतात अजूनही फुटपाथपासून ग्रंथालयापर्यंत मिळणारे हे पुस्तक ग्रीक-लॅटिन धातूंवरून शब्दांची घराणी उभी करते. संस्कृत धातूंची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रीत जवळची वाटावी यात नवल नाही. फक्त ती घराणी त्याच्या परिसरापर्यंत येत नाहीत. अथेन्स आणि रोम येथे थांबतात.

येथे दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आज ‘क्रायटेरिअन’ वापरणाऱ्याला ग्रीक माहीत असण्याची गरज नाही, निकष वापरणाऱ्याला काळा दगड. हे मान्य केलेच पाहिजे. ‘स्टर्लिंग’ हे मध्ययुगीन इंग्लंडातील चांदीच्या पेनीचे नाव होते आणि त्या नावाच्या चांदीत शेकडा साडेब्याण्णव भाग शुद्ध धातू असतो, एवढे कळल्याने कोणाचे इंग्रजी गद्य सुधारत नाही. पण पाठ केलेला अर्थ विसरला जातो आणि हाताला लागलेला राहतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. शिवाय ‘उत्कृष्ट’ हा अर्थ पाठ करणारा विद्यार्थी तो शब्द जेवणालाही लावतो आणि हवामानालाही; साडेब्याण्णवचा हिशेब कळलेला तसे करताना थबकतो. अमूर्त शब्दाच्या वापराची मर्यादा पुष्कळदा त्याच्या मूर्त बाजूला दडलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. चांदीकाम करणाऱ्याच्या मुलाला इंग्रजी हवी आहे ती भट्टीपासून दूर जाण्यासाठी. धूर, आम्ल, वाकलेली पाठ आणि चांदीच्या भावाबरोबर वरखाली होणारी मिळकत सोडून त्याला अधिकारी व्हायचे आहे. त्याला पुन्हा कस, हीण, मूस यांतूनच इंग्रजी शिकवू पाहणे म्हणजे बापाच्या बैठकीवर परत बसवणे, असे तो म्हणेल. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली तिच्यामागे पालकांची हीच इच्छा होती. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येते, की दूर जाणाऱ्याने आपली भाषा मागे टाकावी अशी अट इंग्रजीने घातलेली नाही. ‘हॉलमार्क’ आणि ‘असे’ हे शब्द लंडनच्या सोनारांनी टाकून दिले असते तर ते परीक्षेच्या यादीत आलेच नसते. अट घातली ती उजव्या रकान्याने. बापाचा शब्द अर्थ म्हणून चालणार नाही, ही त्या रकान्याची मूक शिकवण आहे. आणि असा मुलगा पुढे मराठी समीक्षा वाचू लागतो तेव्हा तिच्यातले निकष, परिष्कार, अलंकार हे शब्द त्याला परक्या घरचे वाटतात. मम्मटाने काव्यातील अलंकारांना हारादी दागिन्यांची उपमा दिली, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दागिने घडवणाऱ्या गावातून आलेल्या वाचकाला अलंकारशास्त्र दुर्बोध वाटावे, हे शिक्षणाचे यश म्हणता येत नाही.

‘हॉलमार्क’ची हकिगत मात्र थोडी निराळी घडली. १४७८ मध्ये लंडनच्या सोनारसंघाच्या वास्तूत, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, धातू तपासून शिक्का मारण्याची कायम सोय झाली आणि त्या हॉलवरून खुणेला हे नाव पडले. भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी २००० मध्ये आणि चांदीसाठी २००५ मध्ये हॉलमार्कची योजना आणली. सोन्याच्या दागिन्यांना ती २०२१ पासून सक्तीची होत गेली. शब्द यादीतून नव्हे, शिक्क्याबरोबर आला. कोशात त्याचा अर्थ वैशिष्ट्य, लक्षण असा मिळत राहिला. पेढीवर तो धातूसकट आला आणि त्याला प्रतिशब्द मागण्यासाठी तिथे कोणी थांबले नाही.